स्ट्रक्चरल इंजिनिअरांसाठी काँक्रीट प्रशिक्षण : दोन दिवसांत उरकू नका, अठ्ठावीस दिवस द्या

ड्रॉइंगवर ‘एम३०’ (३० मेगापास्कल, म्हणजे चौरस मिमीला ३० न्यूटन दाब सोसणारी काँक्रीटची ग्रेड) लिहायला दोन सेकंद लागतात. साइटवरून फोन येतो, ‘क्यूब सव्वीसवर गेला, काय करू?’ म्हणजे चाचणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा तीसऐवजी सव्वीसलाच फुटलेला असतो. तेव्हा तेच लिहिणारा इंजिनिअर गोंधळतो. डिझाइन त्याला उत्तम येतं. ज्या मालावर ते उभं राहणार तो माल मात्र त्याने कधी हातात घेतलेला नसतो.

म्हणून कार्यालयं प्रशिक्षण ठेवतात, आणि बहुतेक ठिकाणी तेही चुकतं. दोन दिवस स्लाइड्स, एक प्रयोगशाळा-भेट, दुसऱ्या संध्याकाळी प्रमाणपत्रं. मी घेतलेलं पहिलं प्रशिक्षण असंच होतं. आम्ही क्यूब भरले, फोटो काढले आणि पांगलो. ते क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फुटले तेव्हा यंत्रासमोर एकटा लॅब-सहायक होता. शिकण्यासारखं जे होतं ते त्या सकाळी घडलं आणि शिकणारं तिथे कुणी नव्हतं.

पुढची पद्धत दहा-बारा इंजिनिअरांच्या गटासाठी आहे. दोन सलग दिवस, मग क्यूब भरल्यापासून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अर्धा-अर्धा दिवस.

टप्पा १ : आधी आपलीच ड्रॉइंग्ज वाचा

प्रशिक्षणाच्या दोन आठवडे आधी प्रत्येकाकडून दोन गोष्टी मागवा. एक, त्याने स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवरची काँक्रीटची टीप. दुसरी, काँक्रीटमुळे अडलेला एक खरा प्रसंग : फेल झालेला क्यूब, स्लॅबवरची भेग, कॉलमच्या तळाशी हनीकोंब (खडीमध्ये न भरलेल्या पोकळ्या), काहीही चालेल.

टिपा एकत्र ठेवल्या की कुठे किती वेळ द्यायचा ते आपोआप दिसतं. बहुतेकांत ग्रेड असते. खडीचा जास्तीत जास्त आकार निम्म्यांत असतो. पाणी-सिमेंट गुणोत्तराची मर्यादा, स्लंप (ओलं काँक्रीट किती मऊ आहे, ते शंकूने मोजलेलं माप), क्युरिंगचे (काँक्रीट ओलं ठेवण्याचे) दिवस फार थोड्यांत. बीम-कॉलम जोडाच्या तपशिलात दोन सळयांमध्ये वीस मिमी मोकळी जागा आणि टिपेत वीस मिमी खडी, असंही सापडतं. ती खडी तिथून खाली उतरणारच नाही. हे ड्रॉइंग बाजूला काढा, दुसऱ्या दिवशी लागेल.

तपासणी : ज्याने टीप आणि प्रसंग दिला नाही त्याला आठवण करा. नुसतं ऐकायला येणारा माणूस शेवटच्या दिवशी येत नाही.

टप्पा २ : वार काळजीपूर्वक निवडा

काँक्रीट सुट्टी पाळत नाही. सात आणि अठ्ठावीस हे दोन्ही सातच्या पाढ्यातले, म्हणून ज्या वारी क्यूब भराल त्याच वारी दोन्ही चाचण्या येतात. बुधवारी भरा, बुधवारीच फोडा. शनिवारी भरले तर साचे उघडायला रविवारी कुणी येत नाही, आणि क्यूब साच्यातच कोरडे पडतात.

चारही तारखा पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत कुणालाही प्रमाणपत्र देऊ नका. यावर कुरकूर होते. ऐकून घ्या, पण नियम बदलू नका.

टप्पा ३ : मालाची तयारी

चार गट करा : क, ख, ग, घ. चौघांचं मिक्स कागदावर एकच असेल. एका घनमीटरला सिमेंट ३६० किलो, पाणी १६२ लिटर, वाळू ७०० किलो, खडी १२२० किलो. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट मऊ करणारं रसायन) पुरवठादाराने सांगितलेल्या मात्रेत, चौघांना सारखं. वाळू आणि खडीची वजनं आतून भिजलेल्या पण पृष्ठभाग कोरडा असलेल्या स्थितीतली आहेत. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे.

प्रत्येक गट १५० मिमीचे सात क्यूब भरेल : तीन सातव्या दिवसासाठी, तीन अठ्ठाविसाव्यासाठी, एक राखीव. सात क्यूबना साधारण २४ लिटर, स्लंपच्या शंकूला साडेपाच लिटर. वीस टक्के जादा धरून ३५ लिटरची बॅच घ्या. म्हणजे सिमेंट १२.६ किलो, पाणी ५.६७ लिटर, वाळू २४.५ किलो, खडी ४२.७ किलो. साचे अठ्ठावीस लागतील.

गटांमधला फरक एवढाच :

क – सगळं नियमाप्रमाणे.
ख – वाळूतली ओल न मोजता २४.५ किलो ओली वाळू तशीच घ्यायची आणि पाणी पूर्ण ५.६७ लिटर टाकायचं.
ग – मिक्स ‘क’सारखंच, पण साच्यात नीट दाबायचं नाही.
घ – मिक्स आणि दाबणं ‘क’सारखं, पण साचे उघडल्यावर क्यूब पाण्यात न ठेवता उघड्यावर.

प्रत्येक गटाने एकच गोष्ट बिघडवायची. दोन बिघडवल्या तर अठ्ठाविसाव्या दिवशी कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

सिमेंट एकाच बॅचचं, गुठळ्या नसलेलं घ्या. वाळू आदल्या दिवशी ओली करून, उलटसुलट करून, प्लॅस्टिकने झाकून ठेवा, म्हणजे सगळ्या ढिगात ओल सारखी राहील. साच्यांचे बोल्ट, सांधे, काटकोन तपासा. हातमोजे, गॉगल, बूट सगळ्यांना द्या.

सावधान : ओलं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्वचा भाजते. आधी दुखत नाही, म्हणून लोक हात धुवायचा कंटाळा करतात. जखम नंतर उमटते.

टप्पा ४ : पहिला दिवस – मिक्सर बंदच ठेवा

इथे सगळ्यांना घाई असते. काँक्रीट प्रशिक्षण म्हणजे काँक्रीट कालवायचं, अशी समजूत असते. पहिला पूर्ण दिवस सुट्या मालाला द्या, आणि त्यातला निम्मा वाळूला.

सुरुवात मुठीने. प्रत्येकाने झाकलेल्या ढिगातली वाळू मुठीत दाबायची आणि ओल किती टक्के आहे त्याचा अंदाज कागदावर लिहायचा. मग मोजायचं. ५०० ग्रॅम वाळू पातेल्यात घेऊन मंद आचेवर ढवळत सुकवा. दाणे एकमेकांना चिकटायचे थांबतात, रंग फिका होतो. पुन्हा तोला, पाच मिनिटं अजून तापवा, परत तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. समजा ४७६ ग्रॅम उरली. पाणी २४ ग्रॅम, ओल ५ टक्के.

नेहमीची चूक : २४ ला ५०० ने भागतात. भागायचं कोरड्या वजनाने, म्हणजे ४७६ ने. फरक लहान दिसतो, पण चुकीची सवय मोठ्या बॅचिंगपर्यंत जाते.

आता आकडा काँक्रीटपर्यंत न्या. दाणे स्वतःत साधारण १ टक्का पाणी मुरवतात. उरलेलं मोकळं पाणी सरळ सिमेंटच्या वाट्याला जातं. घनमीटरला ७०० किलो ओली वाळू तशीच टाकली तर सुमारे २७ लिटर पाणी न सांगता आत येतं. १६२ चे १८९ झाले, गुणोत्तर ०.४५ वरून ०.५२ च्या पुढे गेलं. पाण्याच्या मीटरवर मात्र १६२ च दिसतंय. हे गणित प्रत्येकाने स्वतः, कॅल्क्युलेटर हातात घेऊन करायचं. फळ्यावर करून दाखवलं की माना डोलतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

उलट बाजूही दाखवा. प्रयोगशाळेत पडून कोरडी ठणठणीत झालेली खडी पाणी पिते. १ टक्का शोषण धरलं तर ४२.७ किलो खडी जवळपास ४३० मिली पाणी ओढून घेते आणि मिक्स मध्येच आवळतं.

वाळू फुगण्याचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे, पण तो गाळू नका. कोरडी वाळू पारदर्शक भांड्यात भरून खूण करा, बाहेर काढून पाचेक टक्के पाणी चोळा, पुन्हा सैल भरा. खुणेच्या बरीच वर जाते. बारीक वाळूत हा फुगवटा २० ते ३० टक्क्यांच्याही पुढे जातो. घमेल्याने मोजून टाकलेलं काँक्रीट का भरवशाचं नसतं, हे त्या भांड्याकडे पाहून कळतं.

खडीसाठी तासभर पुरे : चाळणीचं विश्लेषण आणि चपटे दाणे वेगळे काढणं. सिमेंट, फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) यांना अर्धा तास. एवढं मात्र पक्कं बसवा : फ्लाय ॲश किंवा स्लॅग जास्त असेल तर मजबुती सावकाश येते. सातव्या दिवसाचा आकडा पाहून अशा मिक्सवर शिक्का मारायचा नाही, आणि सपोर्ट काढायच्या तारखा त्याप्रमाणे ठरवायच्या.

तपासणी : दिवस संपण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या बॅचची अंतिम वजनं लिहून द्यावीत. क, ग आणि घ गटांची ओली वाळू २५.५ किलोच्या आसपास आणि पाणी सुमारे ४.७ लिटर यायला हवं, खडीही कोरडी असेल तर त्यात तिचं पाणी मिळवून. न जुळल्यास रात्रीच दुरुस्त करा.

टप्पा ५ : दुसरा दिवस – कालवणं आणि भरणं

मिक्सर आधी चोपडून घ्या. म्हणजे थोडं सिमेंट-वाळूचं मिश्रण फिरवून टाकून द्या. नाहीतर पहिल्या गटाचं मॉर्टर ड्रमला चिकटतं आणि त्यांच्या वाट्याला नुसती खडी येते.

स्लंप तीनदा घ्या : कालवल्याबरोबर, अर्ध्या तासाने, एका तासाने. तीन थर, प्रत्येक थराला पंचवीस ठोसे, शंकू सरळ वर. तिन्ही आकडे आलेखावर मांडले की ‘स्लंप १००’ एवढंच लिहिणं अपुरं का, ते कळतं. कुठे आणि किती वेळाने १००, हे लिहावं लागतं.

आता ख गटाकडे लक्ष ठेवा. दरवेळी तेच होतं. त्यांचं काँक्रीट सगळ्यांत देखणं दिसतं : मऊ, चकचकीत, थापी फिरवली की आरशासारखं. क गटाला हात दुखेपर्यंत काम करावं लागतं आणि ते हेव्याने बघत असतात. कुणीतरी म्हणतंच, ‘यांचंच मिक्स चांगलं जमलंय.’ दुरुस्त करू नका. हे वाक्य बोलणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवा, अठ्ठाविसाव्या दिवशी वाचायचं आहे.

साचे भरताना क, ख आणि घ गटांनी थरावार दाबावं, हवेचे बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. ग गटाने एकाच थरात भरून, वरून थापी मारून सोडून द्यावं. नुसतं वरून पाहिलं तर त्यांचे क्यूब इतरांसारखेच दिसतात.

टप्पा १ मधलं ते दाट सळयांचं ड्रॉइंग इथे काढा. तेवढ्या अंतराने सळया बांधलेला एक छोटा पिंजरा साच्यात उभा करा आणि उरलेलं काँक्रीट त्यात टाकायला ड्रॉइंग काढणाऱ्यालाच सांगा. पुढच्या दिवशी फळ्या काढल्यावर तो काय पाहतो ते त्याला सांगावं लागत नाही.

सावधान, इथल्या तीन चुकांवर पाळत ठेवा :

– भरलेला साचा लगेच उचलून हलवणं. जिथे रात्रभर राहणार तिथेच भरा.
– वर काही न झाकणं. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक हवंच.
– क्यूबवर नाव उद्या टाकू म्हणणं. अठ्ठावीस सारखे दगड आहेत, उद्या कुणालाच ओळखू येणार नाहीत. साच्यावर आज चिकटपट्टी, उघडल्याबरोबर क्यूबवर रंगाने अक्षर, क्रमांक आणि तारीख.

साधारण चोवीस तासांनी साचे उघडा. क, ख, ग पाण्याच्या टाकीत, घ उघड्यावर.

टप्पा ६ : सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस

क्यूब यंत्रात ठेवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, मेगापास्कलमध्ये, सही करून. अंदाज नसेल तर आकडा कानावरून जातो.

मग वजन. या मिक्सचा भरीव क्यूब साधारण ८.२ किलो भरतो. ग गटाचा ७.८ भरला तर सुमारे ५ टक्के पोकळी आत आहे, आणि एवढी पोकळी जवळजवळ ३० टक्के मजबुती खाते. म्हणजे न फोडताच अर्धं उत्तर तराजूने दिलं. साइटवरून आलेल्या क्यूबचं वजन अहवालात मागायची सवय इथे लागते.

क्यूब ठेवताना थापी मारलेली बाजू वर किंवा खाली येता कामा नये. ती सपाट नसते, दाब एका कोपऱ्यात एकवटतो. साच्याला लागलेल्या दोन गुळगुळीत बाजू वर-खाली घ्या. प्लेट पुसा, क्यूब मधोमध ठेवा, भार कोडमध्ये दिलेल्या वेगानेच वाढवा. घाईने वाढवला तर आकडा फुगतो.

गणित सोपं आहे. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. ६७५ किलोन्यूटनला फुटला तर ३० मेगापास्कल. पण आकडा लिहून पुढे जाऊ नका, तुकडे पाहा. चारही उभ्या बाजू सारख्या निखळून मध्ये डमरूसारखा गाभा उरला तर चाचणी नीट झाली. एकच बाजू फुटली असेल तर क्यूब तिरका होता किंवा प्लेट बिघडली आहे, आणि तो आकडा काँक्रीटचा नव्हे.

घ गटाच्या आकड्यावर थोडं थांबा. बरेच जण तो पडेलच असं धरून चालतात आणि तो ‘क’च्या जवळ आला की गोंधळतात. कोरडा क्यूब ओल्या क्यूबपेक्षा जास्त भार दाखवतो, त्यामुळे क्युरिंगची उणीव झाकली जाते. तुलना करायची तर घ चे क्यूब चाचणीआधी दोन दिवस पाण्यात ठेवा. शिवाय क्युरिंग चुकवल्याचा खरा मार पृष्ठभागाला बसतो, गाभ्याला कमी. म्हणून राखीव क्यूब वापरा. क चा राखीव क्यूब एकविसाव्या दिवशी टाकीतून काढून आठवडाभर सुकू द्या. मग क आणि घ दोन्हींवर एकेक थेंब पाणी सोडा. एकावर थेंब टिकून राहतो, दुसऱ्यावर बघता बघता मुरतो. सळईला जपणारं कव्हर म्हणजे हाच थर.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटी ख गट. अंदाज वाचा, मग आकडा वाचा, मग दुसऱ्या दिवशी टिपून ठेवलेलं ते वाक्य वाचा.

टप्पा ७ : आकडे डिझाइनच्या टेबलावर आणा

त्याच दुपारी बसा, पुढे ढकलू नका. तीन गोष्टी पुरेत.

पहिली : एम३० म्हणजे सरासरी ३० नव्हे. ज्याच्या खाली पाच टक्क्यांहून जास्त निकाल जाऊ नयेत ती मर्यादा ३० आहे. प्रमाण विचलन (निकाल किती विखुरतात त्याचं माप) ५ धरलं तर मिक्सचं लक्ष्य ३० अधिक १.६५ गुणिले ५, म्हणजे ३८.२५ मेगापास्कल ठेवावं लागतं. सरासरी ३१ देणाऱ्या प्लांटवर खूश होणारा इंजिनिअर आकडे चुकीचे वाचतोय. आणि आकडा क्यूबचा की सिलिंडरचा (दंडगोल नमुन्याचा), हे नेहमी विचारा. सिलिंडर साधारण क्यूबच्या ०.८ पट दाखवतो. युरोपीय पद्धतीत ‘सी २५/३०’ असे दोन आकडे याचसाठी असतात.

दुसरी : लवचिकता गुणांक (काँक्रीटच्या ताठपणाचं माप) खडीवर अवलंबून असतो. भारतीय कोडच्या सूत्राने एम३० साठी सुमारे २७,४०० मेगापास्कल येतो. तोच कोड सांगतो की प्रत्यक्षात २० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे २१,९०० ते ३२,९००. लांब गाळ्याच्या स्लॅबचा झोल दशांशात मोजणाऱ्यांनी ही व्याप्ती समोर ठेवावी.

तिसरी : क्यूब फेल झाला तर काय, आणि कोणत्या क्रमाने. आधी कागद : बॅचची नोंद, स्लंप, क्यूबचं वजन, फुटण्याचा आकार, साठवण. मग त्या बॅचचं काँक्रीट नेमकं कुठल्या सदस्यात (बीम, कॉलम की स्लॅब) गेलं ते शोधा. मग रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा) आणि अल्ट्रासोनिक चाचणी (आतून ध्वनिलहरी सोडून), कमकुवत भाग हुडकण्यापुरती. जुन्या काँक्रीटच्या कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कठीण झालेल्या) पृष्ठभागावर हॅमर फुगीर आकडा देतो, म्हणून त्यावरून मजबुती जाहीर करू नका. मग कोअर, म्हणजे बांधकामातूनच कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. तीन कोअरची सरासरी निर्धारित मजबुतीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नाही, अशी कसोटी भारतीय आणि अमेरिकी दोन्ही कोडमध्ये आहे. त्यानंतर प्रत्यक्ष मजबुती घालून त्या सदस्याचं गणित पुन्हा.

नेहमीची चूक : फोन आला की थेट कोअर काढायला सांगणं. कोअर सळई कापतो, डाग ठेवतो, आणि दोष क्यूबचा असेल तर तो उगाच काढलेला असतो. सुरुवातीला प्रत्येकाने आणलेले प्रसंग आता या क्रमाने सोडवायला द्या. दोन-तीन प्रसंगांचं उत्तर पहिल्या पायरीवरच, कागदांत सापडतं.

टप्पा ८ : परीक्षा म्हणून टीप पुन्हा लिहून घ्या

बहुपर्यायी प्रश्नपत्रिका नको. प्रत्येकाला त्याची जुनी ड्रॉइंग-टीप परत द्या आणि नव्याने लिहायला सांगा. ग्रेड आणि ती कितव्या दिवशी मोजायची, क्यूब की सिलिंडर, पाणी-सिमेंट गुणोत्तराची कमाल मर्यादा, सगळ्यांत दाट जोडाला चालेल असा खडीचा आकार, भरण्याच्या जागेवरचा स्लंप, क्युरिंगची पद्धत आणि दिवस, आणि निकाल कमी आला तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा.

या टिपा काँक्रीट प्लांटच्या गुणवत्ता-प्रमुखाला आणि साइटवर प्रत्यक्ष काँक्रीट टाकणाऱ्या पर्यवेक्षकाला नाव झाकून वाचायला द्या. एकच प्रश्न विचारा : ‘हे वाचून उद्या सकाळी तुम्ही काय वेगळं कराल?’ ज्या टिपेला त्यांचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, ती लिहिणाऱ्याचं प्रमाणपत्र थांबवा आणि टीप परत लिहायला द्या.